नुसत्या बामनं भागत नाही



खंडाळ्याच्या घाटात पूर्वी एक दगडी पूल होता, इंग्रजांच्या काळातला. त्याच्यावर एकेकाळी अमृतांजन बामची जाहिरात लावलेली असायची, म्हणून सगळे त्याला अमृतांजन पूलच म्हणायचे. २०२० च्या एप्रिल महिन्यात, टाळेबंदीत रस्ता मोकळा होता तेव्हा तो पाडला. पूल गेला, नाव मात्र राहिलं. अजूनही घाटात गाड्या अडकल्या की ड्रायव्हर फोनवर सांगतो, "अमृतांजनपाशी आहे."

आज या पुलाची आठवण काढायला कारण आहे. गाडीला धक्का बसला, अंग ठेचकाळलं, की आपल्या घरात पहिली बाहेर निघते ती बामची बाटली. बहुतेक वेळा उपचार तिथंच संपतो. डॉक्टरकडे जायचं राहून जातं. असं का होतं, आणि वरून न दिसणारी दुखापतही डॉक्टरला दाखवायची असते हे लोकांना कसं कळत गेलं, त्याची गोष्ट आज सांगणार आहोत. ही गोष्ट बरीचशी आपल्या घाटातूनच जाते.

आधी आमच्या गटात घडलेलं सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या चौघी लोणावळ्यातल्या बंगल्यांवरचं काम उरकून वडापच्या गाडीनं घरी निघाल्या होत्या. कार्ला फाट्याच्या अलीकडे गाडी प्रवासी घ्यायला थांबली आणि मागून एका मोटारीनं धडक दिली. धडक मोठी नव्हती. मागचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. मोटारीतले साहेब उतरले, चुकलं म्हणाले, ड्रायव्हरच्या हातावर दोन नोटा ठेवल्या. "कुणाला लागलं का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आमच्या चौघी एका आवाजात म्हणाल्या, "काय नाय, काय नाय." साहेब निघून गेले. गाडीचा नंबर कुणी पाहिला नाही.

मागच्या बाकावर बसलेल्या मावशी मान चोळत घरी आल्या. भाकरी केल्या, धुणं काढलं, रात्री बाम लावून झोपल्या. तिसऱ्या दिवशी मान वळेना. एका जाणत्याकडून चोळून घेतली, तर उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आठव्या दिवशी डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अपघाताच्या दिवशी कुणाला दाखवलं होतं?" मावशींकडे उत्तर नव्हतं आणि कागदही नव्हता. पुढे मानेला पट्टा लागला आणि सहा आठवडे काम बंद राहिलं. एका बंगल्याचं काम तर कायमचं गेलं. उपचाराचा खर्च गटातून कर्ज काढून भागवला. ज्याच्या गाडीनं धडक दिली त्याच्याकडून एक रुपया मागता आला नाही.

नंतर गटाच्या बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, त्याच दिवशी डॉक्टरकडे का गेलो नाही? उत्तरं आली ती अशी. रक्त आलं नव्हतं. दवाखान्यात पोलीस केस म्हणतात. पैसे नव्हते. घरी स्वयंपाक पडला होता. आणि, एवढ्याशासाठी कुठं जायचं? यातलं एकही उत्तर उगाच दिलेलं नव्हतं. प्रत्येकामागे जुना अनुभव आहे. पण काळ बदलला, कायदे बदलले आणि आपली उत्तरं मात्र तीच राहिली.

घाट, रेल्वे आणि न दिसणारी दुखापत

बोरघाटातून चाकाच्या गाड्या नीट जाऊ लागल्या त्या १८३० साली. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात हा रस्ता खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून जायचा, आणि आजाऱ्याला डोलीत नाहीतर झोळीत घालून न्यावं लागायचं. आपल्या डोंगरवाड्यांना झोळी काही नवी नाही.

मग रेल्वे आली. घाटातल्या लोहमार्गाचं काम १८५६ च्या सुमाराला सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. या कामात एका बाईचं नाव आहे. सॉलोमन ट्रेडवेल नावाचे इंग्रज ठेकेदार हे काम घ्यायला १८५९ मध्ये आले आणि थोड्याच दिवसांत आजारानं वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका सोडला नाही. माणसं नेमून त्यांनी काम पुरं करून घेतलं. या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. बोगद्यांतले सुरुंग, कडे, पटकीची साथ यांत हजारो माणसं मेली. डोक्यावरून माती-खडी वाहणाऱ्या बायाही त्या मजुरांत होत्या. त्यांतल्या एकीचंही नाव आज आपल्याला माहीत नाही. पाठीला धक्का बसलेल्या किती जणी त्याच दिवशी पुन्हा पाटी उचलायला गेल्या असतील, याचा अंदाज मात्र आपल्याला करता येतो.

त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. रेल्वेच्या धडकेतून लोक धडधाकट बाहेर यायचे, चालत घरी जायचे, आणि काही दिवसांनी त्यांची पाठ दुखायला लागायची. झोप उडायची, हात थरथरायचे, काही आठवायचं नाही. वरून बघावं तर ओरखडाही नाही. लंडनचे शल्यवैद्य जॉन एरिक एरिकसेन यांनी १८६६ साली यावर पुस्तकच लिहिलं. धक्क्यानं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा होते, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक या दुखण्याला 'रेल्वेचा कणा' म्हणू लागले. पुढे १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी उलट बाजू मांडली. ते एका रेल्वे कंपनीचे डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं, कण्याला काही झालेलं नसतं, मनाला बसलेली भीती अंगावर येते. आज मागे वळून पाहिलं तर दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरं होतं. धक्का अंगालाही बसतो आणि मनालाही.

याचं एक उदाहरण सगळ्या जगाला माहीत आहे. चार्ल्स डिकन्स हे इंग्लंडमधले फार मोठे लेखक. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट गावाजवळ त्यांची गाडी रुळावरून घसरली. दहा माणसं गेली. डिकन्स यांना काहीही लागलं नाही. उलट ते तासन्‌तास जखमींना पाणी पाजत होते. पण त्यानंतर आगगाडीत बसलं की ते भीतीनं गळून जायचे. हे त्यांना आयुष्यभर पुरलं. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी ते वारले.

हा वाद नुसता वैद्यकीय नव्हता, पैशाचाही होता. इंग्लंडमध्ये जखमी प्रवासी रेल्वे कंपनीकडून कोर्टात भरपाई मागू शकत होता. कंपनी म्हणायची, हा सोंग करतो. मग कोर्ट विचारायचं की डॉक्टरला कधी दाखवलं, डॉक्टरनं काय लिहिलं? तेव्हापासून डॉक्टरचा कागद औषधाइतकाच महत्त्वाचा झाला. आमच्या मावशींकडे नेमका तोच कागद नव्हता.

मैत्रिणींनो, इंग्रज डॉक्टर ज्याला नाव शोधत होते, त्याला आपल्या मराठीत चांगला शब्द आहे. मुका मार. रक्त नाही, जखम नाही, मार मुका आहे. तो बोलत नाही म्हणून त्याच्या वतीनं आपल्याला बोलावं लागतं.

मानेला बसणारा चाबूक

रेल्वेनंतर मोटारी आल्या. मागून धडक बसली की बसलेल्या माणसाचं धड पुढे ढकललं जातं, डोकं मागे राहतं, आणि मग झटका खाऊन पुढे येतं. चाबूक ओढल्यावर त्याचं टोक कसं सपकन फिरतं, तसं. म्हणूनच १९२८ मध्ये हॅरल्ड क्रो या अमेरिकन डॉक्टरांनी या दुखापतीला चाबकाच्या फटक्याचं नाव दिलं. इंग्रजीत तिला व्हिपलॅश म्हणतात. ती होण्यासाठी गाडीचा चेंदामेंदा व्हावा लागत नाही. हळू चाललेल्या किंवा उभ्या गाडीला मागून धडक बसली तरी होते. आणि दुखणं बहुतेक वेळा लगेच सुरू होत नाही. काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी मान धरते.

यात बायकांसाठी एक खास गोष्ट आहे. ही दुखापत बायकांना पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात होते, असं संशोधकांना पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण गाड्यांची परीक्षा घेताना आत बसवायचे पुतळे वर्षानुवर्षं पुरुषाच्या अंगाच्या मापाचे होते. बाईचा पुतळा म्हणून वापरायचे तो पुरुषाच्याच पुतळ्याचा लहान नमुना असायचा. स्वीडनमधल्या ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी बाईच्या अंगाचा पुतळा तयार केला. नेमका अशाच, मागून बसणाऱ्या हलक्या धडकेची परीक्षा घेण्यासाठी. ही बातमी जगभर झाली ती २०२२ साली. मोटार निघून शंभरावर वर्षं झाल्यावर बाईची मान कुणीतरी मोजली.

आत झालेली इजा पाहण्याची साधनंही हळूहळूच आली. १८९५ मध्ये जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले, म्हणजे आपला एक्स-रे. त्यात हाड दिसतं, पण मेंदूतला रक्तस्राव दिसत नाही. तो दाखवणारा सीटी स्कॅन १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्यांदा झाला. त्याआधी डोक्याला मार लागलेला माणूस बोलता बोलता का कोसळला, हे घरच्यांना कळायचंच नाही. लोक बाहेरची बाधा म्हणायचे, अंगारा लावायचे. त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय?

आपल्या महाराष्ट्रानं हे एकदा फार जवळून पाहिलं. ३ जून २०१४ ची सकाळ. केंद्रातले ग्रामविकास मंत्री गोपीनाथराव मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. मंत्री होऊन आठवडाच झाला होता, आणि बीड जिल्ह्यात त्यांच्या सत्काराची तयारी चालली होती. चौकात दुसऱ्या गाडीनं त्यांच्या गाडीला धडक दिली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. त्यांनी स्वतःच दवाखान्यात न्यायला सांगितलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत श्वास थांबला होता. मानेच्या मणक्याला आणि यकृताला इजा झाल्याचं शवविच्छेदनात निघालं. त्या दिवशी मराठवाड्यातल्या घराघरांत लोक विचारत होते, साधं रक्तही दिसलं नाही, मग माणूस गेला कसा? उत्तर हेच, मार आत होता.

सगळ्या हलक्या धडका अशा नसतात. बहुतेकींना चार दिवस अंग दुखून बरं वाटतं. पण आपली कोणती आहे, हे आपण घरी बसून ठरवू शकत नाही.

पोलीस केसची भीती

आता दुसरं उत्तर. "दवाखान्यात पोलीस केस म्हणतात." ही भीती आपल्या आयांनी, सासवांनी अनुभवातून शिकवली. अपघाताचा रुग्ण दिसला की काही दवाखाने हात लावायला तयार नसायचे. सरकारी दवाखान्यात जा, आधी पोलिसांना आणा, असं सांगायचे. दिल्लीत एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं. त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं, तर त्यांनी वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. त्यावरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की जीव वाचवणं पहिलं, कागद नंतर. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, पोलिसांची वाट न पाहता उपचार करणं त्याचं कर्तव्य आहे. त्याच वर्षी लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातही हे आलं. धडक देणाऱ्या ड्रायव्हरनं जखमीला डॉक्टरकडे पोहोचवायची व्यवस्था करायची, हेही त्यात आहे. म्हणजे त्या साहेबांनी नोटा देऊन निघून जाणं कायद्यात बसत नव्हतं.

मदत करणाऱ्याचीही भीती होती. उचलून नेलं तर कोर्टाच्या चकरा कोण मारणार? सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते कायद्यात लिहिलं गेलं. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, थांबायचीही नाही.

पैशाचं म्हणाल, तर गाडीनं दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा १९३९ च्या कायद्यानं सक्तीचा केला आणि तो १९४६ पासून लागू झाला. आपल्याला धडक देणाऱ्या गाडीचा विमा हा आपल्यासाठीही असतो, हे आमच्या गटात कुणालाच माहीत नव्हतं. ही भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागायची असते. कायद्यात आता त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून उशीर करायचा नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारची आणखी एक योजना आहे. रस्त्यावरच्या अपघातात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो.

आणि वाहन? २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला तेव्हा गाड्यांचा वेग वाढला, पण वाडीतून दवाखान्यात जायला वडापच होतं. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. फोन फुकट, गाडी फुकट, आणि गाडीत डॉक्टर असतो. आपल्या मावळात कार्ला, खडकाळा इथं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कान्ह्याला सरकारी रुग्णालय आहे, तळेगावला डॉक्टर भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. झोळीचे दिवस सगळीकडचे संपले नाहीत, हे खरं. पण हमरस्त्यावर धक्का बसलेल्या बाईला आता जवळपास जागा आहे.

आता आपण काय करायचं

मावशींच्या प्रकरणानंतर आम्ही एका डॉक्टरताईंना बैठकीला बोलावलं. त्यांनी सांगितलेलं आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. तुम्हीही लिहून घ्या.

धडक बसली की गाडीचा नंबर लिहायचा किंवा फोनवर फोटो काढायचा. "काय नाय झालं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. "डॉक्टरला दाखवल्यावर सांगते," एवढंच म्हणायचं.

त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. नुसतं "अंग दुखतंय" म्हणायचं नाही. गाडी कुठून धडकली, आपण कुठं बसलो होतो, डोकं कशावर आपटलं का, क्षणभर तरी शुद्ध गेली का, हे सगळं सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगायची. दिवस गेले असतील किंवा पाळी चुकली असेल तर लाजायचं नाही, आधी तेच सांगायचं. पोटाला लागलेलं दिसलं नाही तरी गरोदर बाईची तपासणी झालीच पाहिजे. अपघात झाल्याचं केसपेपरवर लिहून घ्यायचं आणि तो कागद जपून ठेवायचा.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ लावायचा. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, न उठणारी झोप, बरळणं, झटका, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, हातापायात मुंग्या किंवा जोर नसणं, पोट दुखून चक्कर येणं, छातीत दुखणं, दम लागणं, लघवीतून रक्त, गरोदर बाईला अंगावरून जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातला रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनी कळतो. आजी अचानक विसरायला लागली, तोल जायला लागला, तर महिन्यापूर्वीचा धक्का आठवून डॉक्टरांना सांगायचा.

मान दुखत असेल तर डॉक्टरनं पाहीपर्यंत कुणाकडूनही चोळून किंवा मोडून घ्यायची नाही. हळद-गूळ, शेक, बाम यांना आमची ना नाही. आपल्या आया त्यावरच निभावल्या. पण तपासणी आधी, बाम नंतर. आणि रात्री झोप लागत नसेल, गाडीत बसायची भीती वाटत असेल, तर तेही सांगायचं. डिकन्ससारख्या माणसाला जे झालं ते आपल्याला झालं तर त्यात लाज कसली?

मावशी आता पुन्हा कामाला जातात. हाताला अजून अधूनमधून मुंग्या येतात. परवा बैठकीत त्या म्हणाल्या, "त्या रात्री मी भाकऱ्या केल्या नसत्या, तर घरातलं कुणी उपाशी मेलं नसतं." आम्ही सगळ्या गप्प झालो, कारण प्रत्येकीनं तशा भाकऱ्या कधी ना कधी केल्या आहेत. मग आम्ही ठरवलं. आमच्या गटातल्या कुणालाही धक्का बसला की तिच्या घरचा रात्रीचा स्वयंपाक शेजारणीनं करायचा, आणि दुसरीनं तिच्याबरोबर दवाखान्यात जायचं. वहीत दोघींची नावं पाळीनं लिहिली आहेत. दवाखान्याच्या गाडीभाड्यासाठी गटातून पाचशे रुपये बाजूला काढून ठेवले आहेत.

तुमच्या गटात अशा वेळी स्वयंपाक कोण करणार आणि बरोबर कोण जाणार, हे पुढच्या बैठकीत ठरवा. नमस्कार.